जीमॅटमध्ये सुरुवातीची कक्षा आणि तारीख : माझा उपग्रह गिनीच्या आखातात का उगवतो?

कक्षाभ्रष्ट | शनिवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. वाचनमात्र म्हणून खूप दिवस काढले, हा पहिलाच धागा. चूकभूल द्यावी घ्यावी.

जीमॅट म्हणजे एमबीएची परीक्षा नव्हे. नासाच्या गोडार्ड केंद्राचं कक्षांची गणितं करणारं सॉफ्टवेअर, फुकट आणि खुलं. मी यांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत एकट्यानेच शिकतोय. सरावासाठी घरचाच उपग्रह घेतला : पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्'. २२ जून २०१६ ला सकाळी ९:२६ वाजता श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ ने एका दमात २० उपग्रह नेले, त्यातला हा एक.

स्पेसक्राफ्टच्या ऑर्बिट टॅबमध्ये मी भरलेले आकडे :

इपॉक फॉरमॅट : यूटीसीग्रेगोरियन
इपॉक (सुरुवातीची तारीख-वेळ) : २२ जून २०१६, ०९:२६:००.०००
कोऑर्डिनेट सिस्टिम : अर्थएमजे२०००ईक्यू
स्टेट टाइप : केप्लेरियन
एसएमए (कक्षेचा अर्धा मोठा अक्ष) : ६८८३.१३७ किमी (पृथ्वीची त्रिज्या ६३७८.१३७ अधिक उंची ५०५)
ईसीसी (उत्केंद्रता) : ०
आयएनसी (विषुववृत्ताशी कल, अंशांत) : ९७.४८
आरएएएन (आरोही पाताचा, म्हणजे उपग्रह विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे जातो त्या बिंदूचा आकाशातला कोन) : २३३.३
एओपी (आरोही पातापासून उपभूचा, म्हणजे पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूचा कोन) : ०
टीए (उपभूपासून उपग्रहाचा कोन) : १८०

आरएएएनला सगळे 'रान' म्हणतात, आणि मी त्यातच हरवलोय. उतरत्या पाताची (विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे जाण्याच्या बिंदूची) स्थानिक वेळ ९:३० धरली. त्या दिवशीचा मध्यम सूर्य ९०.८ अंशांवर, त्यात साडेनऊ तासांचे १४२.५ मिळवले, झाले २३३.३. टीए १८० म्हणजे सुरुवातीलाच उपग्रह विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे निघालेला. कागदावर हा बिंदू साधारण ८३.५ पूर्व रेखांशावर, म्हणजे श्रीलंकेच्या आग्नेयेला समुद्रात यायला हवा.

रन केल्यावर नकाशात माग (उपग्रह जमिनीवरच्या कुठल्या बिंदूंवरून जातो ती रेषा) सुरू होतो तो ०.८ पूर्व रेखांशावर! आफ्रिकेच्या कुशीत, गिनीच्या आखातात. तीनदा सगळं पुसून भरलं. कुठे माती खातोय?

---

चहाबिस्कीट | शनिवार, रात्री ११:०५

मला कक्षेतलं ओ की ठो कळत नाही, पण शून्य अक्षांश आणि जवळजवळ शून्य रेखांश म्हटल्यावर संशय येतोच. आमच्याकडे डिलिव्हरीच्या अॅपमध्ये पत्ता रिकामा राहिला की गिऱ्हाईक तिथेच समुद्रात उभं दिसतं. एखादी चौकट रिकामी राहिली असेल.

---

कक्षाभ्रष्ट | शनिवार, रात्री ११:२०

मलाही आधी तेच वाटलं होतं. पण एकही चौकट रिकामी नाही, आणि आकडा शून्य नसून ०.८ आहे. रानमध्ये १० अंश वाढवले की सुरुवातही बरोबर १० अंश पूर्वेला सरकते. म्हणजे आकडे वाचले जातायत.

---

उपग्रहपाहुणी | रविवार, पहाटे १:१५

हा रानमध्ये १० अंश वाढवून बघायचा प्रयोग चांगला केलास. आता उलट बाजूने विचार कर.

हवं होतं ८३.५, मिळालं ०.८. फरक ८२.७ अंश. पृथ्वी ताऱ्यांच्या हिशोबाने तासाला १५.०४ अंश फिरते. भागाकार कर. साडेपाच तास. हा आकडा भारतात राहणाऱ्या माणसाला ओळखू यायला हवा!

तू ९:२६ टाकलेस ती आपली घड्याळाची वेळ. चौकटीवर मात्र यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ लिहिलंय, ती आपल्या साडेपाच तास मागे. तिथे ०३:५६:००.००० हवं. तू सॉफ्टवेअरला दुपारच्या २:५६ ची गोष्ट सांगितलीस. तोवर पृथ्वी खालून साडेपाच तास पूर्वेकडे फिरली, कक्षा मात्र जागची हलली नाही, म्हणून माग पश्चिमेला गेला.

या चुकीत एक फसवी गोष्ट आहे. पुण्यावरून तो किती वाजता जातो हे बघून ही चूक तुला कधीच सापडली नसती. ते वेळापत्रक रान आणि सूर्य यांच्यातल्या कोनावर ठरतं, आणि साडेपाच तासांत सूर्य जेमतेम पाव अंश सरकतो. तुझा उपग्रह चुकीच्या इपॉकनेसुद्धा पुण्यावरून सकाळी सव्वादहा आणि रात्री दहाच्या आगेमागेच गेला असता (आपली वेळ, पुण्याची स्थानिक वेळ त्याच्या ३५ मिनिटं मागे). म्हणून मी नवीन मुलांना दोन्ही गोष्टी तपासायला सांगते. माग सरकला तर घड्याळ तपासायचं, जाण्याची वेळ बिघडली तर रान.

---

कक्षाभ्रष्ट | रविवार, सकाळी ८:३०

ताई, साष्टांग दंडवत! ०३:५६ टाकलं, श्रीलंकेच्या आग्नेयेला उगवला. रात्रभर रानात फिरलो आणि काटा घड्याळात होता.

---

मु_पो_सातारा | रविवार, सकाळी ९:१०

अभिनंदन, पण एक कुरकुर. ९:२६ ला रॉकेट जमिनीवरून सुटलं. त्या क्षणी 'स्वयम्' विषुववृत्तावर नव्हता, ५०५ किमी उंचीवरही नव्हता. चौथ्या टप्प्याचं काम संपून उपग्रह सुटे व्हायला सुमारे १७ मिनिटं लागली. इपॉक म्हणजे 'उड्डाणाची वेळ' नव्हे. बाकीचे सहा आकडे ज्या क्षणी खरे असतात तो क्षण. आकडे एका क्षणाचे आणि तारीख दुसऱ्या क्षणाची, असा संसार टिकत नाही.

---

कक्षाभ्रष्ट | रविवार, सकाळी ९:४०

मान्य दादा. सरावासाठी खोटी-खोटी सुरुवात धरली होती, पण ते वर लिहायला हवं होतं. खरी कक्षा पुढच्या पायरीत घेणारच आहे.

---

कक्षाभ्रष्ट | रविवार, संध्याकाळी ७:०५

पुढची पायरी घेतली आणि भविष्यात पडलो.

वेळक्षेत्राची कटकट नको म्हणून तारीख आकड्यात टाकायचं ठरवलं. एका ऑनलाइन परिवर्तकावर २२ जून २०१६, ०३:५६ यूटीसी टाकलं, मॉडिफाइड ज्युलियन दिनांक (एमजेडी, म्हणजे दिवसांची सलग मोजणी) आला ५७५६१.१६३८८९. जीमॅटमध्ये यूटीसीमॉडज्युलियन निवडून तोच आकडा चिकटवला. तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत, रन झालं. अहवालात बघतो तर १० ऑगस्ट २०९८, १५:५६. तेव्हा मी शंभरीला टेकलेला असेन.

---

ऑर्बिटरवेडा | रविवार, संध्याकाळी ७:३०

विचित्र आहे. मी ऑर्बिटर (अवकाशयान चालवायचा खेळ) खेळतो, त्याच्या सिनॅरिओ फाइलमध्ये तारीख एमजेडीतच असते आणि ती नेहमीच्या परिवर्तकाशी तंतोतंत जुळते. तुझा आकडा बरोबरच आहे. मग जीमॅटलाच काय झालंय?

---

उपग्रहपाहुणी | रविवार, रात्री ११:५०

दोघंही बरोबर आहात, शून्य वेगळं आहे.

जगभर जो एमजेडी चालतो तो ज्युलियन दिनांकातून २४०००००.५ वजा करून काढतात. जीमॅटचा मॉडज्युलियन मात्र २४३०००० वजा करतो, म्हणजे त्याची मोजणी ५ जानेवारी १९४१ च्या दुपारी बारापासून. दोन्हींतलं अंतर २९९९९.५ दिवस, ८२ वर्षं आणि वर ४९ दिवस. तुझा आकडा हवा होता २७५६१.६६३८८९. शेवटच्या त्या अर्ध्या दिवसामुळेच अहवालात ३:५६ चे १५:५६ झाले, बघ.

लाल अक्षरं का आली नाहीत? जीमॅट १९५७ च्या ४ ऑक्टोबरच्या दुपारपासून (स्पुटनिकचा दिवस!) २१०० च्या २८ फेब्रुवारीपर्यंतच्या तारखा घेतं. आकड्यात ६११६ ते ५८१२७.५. तुझा ५७५६१ त्यात बसला म्हणून ते गप्प राहिलं. तू ९ जानेवारी २०१८ नंतरची कुठलीही तारीख घेतली असतीस तर आकडा त्या हद्दीबाहेर गेला असता आणि तुला लगेच अडवलं असतं. तारीख जुनी निघाली म्हणून चूक खपली.

हाताशी आहे तोवर आणखी एक. फॉरमॅटचा ड्रॉपडाउन आधी बदलायचा, आकडा नंतर टाइप करायचा. उलट केलंस तर तू टाकलेला आकडा जुन्या फॉरमॅटचा समजून ते इमानदारीत त्याचं रूपांतर करतं, आणि आपण 'अरे, मी हे कुठे टाकलं होतं?' म्हणत बसतो. स्टेट टाइप आणि कोऑर्डिनेट सिस्टिमचंही तसंच. आधी तिन्ही ड्रॉपडाउन, मग आकडे.

आणि यूटीसीच्या शेजारी टीएआय (अणुघड्याळांची वेळ), टीटी वगैरे पर्याय दिसतील. २०१६ च्या जूनमध्ये टीएआय यूटीसीच्या ३६ सेकंद पुढे होता (२०१७ पासून ३७). यूटीसीचा आकडा टीएआयच्या चौकटीत गेला तर ३६ सेकंदांची चूक. ऐकायला किरकोळ, पण हा उपग्रह सेकंदाला ७.६१ किमी जातो. पुणे-सोलापूर अंतर झालं ते.

---

पंचांगवाला | सोमवार, सकाळी ७:१५

मला हे सॉफ्टवेअर येत नाही, पण धागा वाचून घरच्या जुन्या वह्या आठवल्या.

हा जो 'मॉडज्युलियन' तुम्ही म्हणता, त्याला आमच्याकडे अहर्गण म्हणतात. अमुक दिवसापासून किती दिवस लोटले, ती मोजणी. कलियुगाच्या आरंभापासून मोजला तर फार मोठा आकडा होतो, गुणाकार-भागाकारात हात दुखतो. म्हणून करणग्रंथ लिहिणारे जवळचं शून्य घ्यायचे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघवात शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२० धरलं, आणि वर ११ वर्षांचं, ४०१६ दिवसांचं एक चक्र केलं, म्हणजे अहर्गण कधीच मोठा होऊ नये. त्या आरंभक्षणी प्रत्येक ग्रह कुठे होता ते आकडे वेगळे देतात, त्यांना क्षेपक म्हणतात. तुमच्या इपॉकच्या चौकटीत आरंभक्षण आणि खालच्या सहा चौकटींत क्षेपक, एवढाच अर्थ मला लागला.

एका ग्रंथाचा अहर्गण दुसऱ्या ग्रंथाच्या क्षेपकांना लावला तर ग्रह भलत्याच राशीत जातो. पोराचं तेच झालं.

---

कक्षाभ्रष्ट | सोमवार, सकाळी ७:५०

काका, क्षेपक हा शब्द मी आता वहीवर लिहून ठेवलाय. 'इनिशियल कंडिशन्स'पेक्षा भारी आहे.

---

चहाबिस्कीट | सोमवार, सकाळी १०:२०

मी फक्त वाचतोय. २०९८ वर हसून चहा सांडला.

---

कक्षाभ्रष्ट | मंगळवार, रात्री ९:३०

आता खरी कक्षा. 'स्वयम्'चा त्या काळातला टीएलई, म्हणजे कक्षेचे आकडे देणारा दोन ओळींचा संच, मिळवला. तारीख त्यात १६१७४-आणि-पुढे-दशांश अशी असते. आधी एक्सेलमध्ये १ जानेवारी २०१६ मध्ये १७४ मिळवले, २३ जून आलं. मग लक्षात आलं की १ जानेवारी हाच मुळी पहिला दिवस, शून्यावा नव्हे. म्हणून एक वजा. ही चूक माझी मीच पकडली, नोंद घ्यावी!

दुसऱ्या ओळीतून कल, रान, उत्केंद्रता (तिथे दशांशचिन्ह छापतच नाहीत, आपण समजून घ्यायचं), एओपी आणि शेवटचा कोन घेतला. दिवसाच्या फेऱ्यांवरून केप्लरच्या सूत्राने एसएमए काढला. सगळं केप्लेरियनमध्ये भरलं. पहिली फेरी बरी वाटते. पण चोवीस तासांनी पुण्यावरून जाण्याची वेळ एका ट्रॅकिंग अॅपशी ताडून पाहिली तर माझा उपग्रह जवळजवळ दोन मिनिटं आधी येतो. आता घड्याळ नक्की बरोबर आहे. शपथ.

---

ऑर्बिटरवेडा | मंगळवार, रात्री १०:००

दोन मिनिटं म्हणजे काहीच नाही. जीमॅटच्या मूळ प्रोपगेटरमध्ये (कक्षा पुढे नेणाऱ्या भागात) हवेचा विरोध नसतो, तो चालू कर, जुळेल.

---

दोन_ओळी | मंगळवार, रात्री १०:४५

नाही जुळणार. हवेने कक्षा खाली येते, फेरी लहान होते, उपग्रह आणखी *आधी* येईल. आणि ५०० किमीवर एका दिवसात त्याने दोन मिनिटं होत नाहीत.

धागाकर्त्या, तू तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात घातल्यास.

पहिली सोपी आहे. टीएलईतला शेवटचा कोन हा मीन अॅनॉमली असतो. म्हणजे उपग्रह एकसारख्या वेगाने फिरतो असं धरून काढलेला कोन. तू तो टीएच्या चौकटीत टाकलास, तिथे खऱ्या जागेचा कोन, म्हणजे ट्रू अॅनॉमली लागते. उत्केंद्रता ०.००१ असेल तर दोन्हींतला फरक जास्तीत जास्त ०.११ अंश, म्हणजे १४ किमी. सुमारे दोन सेकंद. तुझा गुन्हेगार हा नव्हे. पण सवय लावून घे, कारण उद्या रशियन मोल्निया कक्षा घेतलीस, उत्केंद्रता ०.७४, तर मीन ९० ला ट्रू १५७ असते. ६७ अंशांची चूक.

दुसरी गोष्ट चौकटीची, म्हणजे संदर्भचौकटीची. टीएलईचे कोन त्या तारखेच्या खऱ्या विषुववृत्ताला आणि मध्यम संपाताला (आकाशातला जो बिंदू शून्य धरून कोन मोजतात) धरून असतात, जीमॅटचं अर्थएमजे२०००ईक्यू हे २००० सालच्या संपाताला. साडेसोळा वर्षांत संपात सरकला, रानमध्ये ०.२१ अंशांचा फरक पडला, २५ किमी. माग बाजूला सरकेल, वेळ फारशी नाही.

तिसरी गोष्ट खरी ग्यानबाची मेख. टीएलईतले आकडे *सरासरी* आहेत. पृथ्वी मध्यावर फुगीर असल्यामुळे खरा एसएमए एका जागी बसत नाही. 'स्वयम्'सारख्या जवळजवळ ध्रुवीय कक्षेत तो प्रत्येक फेरीत दोनदा वर आणि दोनदा खाली झुलतो, सरासरीच्या सुमारे ९.४ किमी इकडेतिकडे. विषुववृत्तावर असताना वर, ध्रुवांजवळ खाली. टीएलईचे लेखक ही झुलणी मुद्दाम काढून टाकतात, आणि एसजीपी४ हे सूत्र ती परत घालतं. जीमॅटच्या चौकटीला मात्र त्या क्षणाचा खरा, झुलता आकडा हवा असतो. तू सरासरी दिलास, त्याने तो त्या क्षणाचा खरा समजून पुढे नेला.

टीएलईचा क्षण बहुतेक वेळा आरोही पातापाशी असतो, म्हणजे नेमका झोक्याच्या वरच्या टोकाला. तिथे खरा आकडा सरासरीहून मोठा. तू कमी दिलास. कक्षा लहान झाली, फेरी लवकर संपली, उपग्रह आधी आला.

---

ऑर्बिटरवेडा | मंगळवार, रात्री ११:००

९ किमीचा फरक सात हजारात? एक टक्क्याचाही सातवा हिस्सा आहे. यावरून दोन मिनिटं येतात हे मला पटत नाही. लोक वर्षानुवर्षं टीएलई थेट टाकतायत.

---

उपग्रहपाहुणी | बुधवार, पहाटे १२:४०

लोक टाकतात हे खरंय. मीही पहिल्या वर्षी टाकले होते, आणि एका सादरीकरणात माती केली होती. तेव्हा माझ्या वरिष्ठ बाईंनी फळ्यावर एक ओळ लिहून दिली, तेवढ्यावर मी आजवर जगतेय.

सुरुवातीची चूक दोन जातींची असते. जागेची चूक जिथल्या तिथे बसते. १४ किमी पुढे ठेवलास, दहा दिवसांनीही तो साधारण १४ किमीच पुढे असेल. पण एसएमएची चूक ही सावकारी व्याजासारखी. कक्षा १ किमी लहान, तर दर फेरीला उपग्रह ३ गुणिले पाय, म्हणजे ९.४ किमी पुढे सरकतो. दिवसाला १५.२ फेऱ्या. म्हणजे १ किमीचे दिवसाअखेर १४३ किमी.

आता उलटं मोज. दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद, ७.६१ ने गुण, ९१३ किमी. त्याला १४३ ने भाग. ६.४ किमी. एवढाच एसएमए कमी पडलाय, आणि एवढ्यानेच दोन मिनिटं गेली.

---

मु_पो_सातारा | बुधवार, सकाळी ८:००

ताई, पण दोन_ओळी म्हणतात ९.४ कमी पडायला हवेत. ६.४ कसे? ३ किमी कुणी खाल्ले?

---

दोन_ओळी | बुधवार, सकाळी ८:३५

वाह, कोणीतरी हिशोब तपासतंय!

ते ३ किमी केप्लरच्या साध्या सूत्राने आधीच वाढवून दिले होते. टीएलईत दिवसाच्या फेऱ्यांचा जो आकडा छापतात तो कोझाईच्या पद्धतीचा असतो, पृथ्वीच्या फुगीरपणाचा एक हिस्सा त्यात मुरलेला. एसजीपी४ पहिलं काम काय करतं तर तो हिस्सा बाहेर काढतं. या कलाच्या, या उंचीच्या कक्षेत ते काढल्यावर एसएमए सुमारे ३ किमीने उतरतो. धागाकर्त्याने ते केलं नाही, म्हणून त्याची सरासरी ३ किमी फुगलेली. ९.४ वजा ३, बाकी ६.४. दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध पडल्या म्हणून दोन मिनिटांवर निभावलं, नाहीतर तीन झाली असती.

---

ऑर्बिटरवेडा | बुधवार, सकाळी ९:२०

पटलं. हवेवर ढकलल्याबद्दल क्षमस्व.

---

पंचांगवाला | बुधवार, सकाळी १०:०५

दोन_ओळी यांच्या पहिल्या दोन गोष्टी आमच्या ओळखीच्या निघाल्या. मीन आणि ट्रू म्हणजे मध्यम ग्रह आणि स्पष्ट ग्रह. मधला फरक ते मंदफल. मध्यम ग्रह घेऊन कोणी पंचांग छापत नाही, आधी स्पष्ट करावा लागतो. आणि संपाताचं म्हणाल तर तो सायन-निरयनाचाच तंटा. तिथे २४ अंशांचं भांडण आहे, तुमच्याकडे पाव अंशाचं, एवढाच फरक. आकडा खरा की खोटा हे नंतर, आधी तो कुठल्या संपातापासून मोजला ते विचारावं.

तिसरी गोष्ट, ती झुलणी, आमच्याकडे ग्रहांना नाही. चंद्राला थोडी आहे.

अवांतर : आरोही पात म्हणजे राहू. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक उपग्रहाला स्वतःचा राहू-केतू मिळतो हे वाचून बरं वाटलं.

---

कक्षाभ्रष्ट | बुधवार, दुपारी १:१५

सगळं तीनदा वाचलं. मग टीएलई जीमॅटमध्ये न्यायचा तरी कसा? प्रत्येक झुलणी हाताने मिळवत बसू?

---

दोन_ओळी | बुधवार, दुपारी २:००

छे. केप्लेरियन चौकटींचा नादच सोड. टीएलईच्या क्षणी एसजीपी४ चालव आणि त्या क्षणाची जागा आणि वेग घे. तीन आणि तीन, सहा आकडे. पायथॉनमध्ये स्कायफील्ड नावाची लायब्ररी आहे, ती हे करते आणि उत्तर जीसीआरएस चौकटीत देते. ती चौकट जीमॅटच्या अर्थएमजे२०००ईक्यूच्या इतकी जवळ आहे की आपल्या कामाला फरक नाही. मग जीमॅटमध्ये स्टेट टाइप कार्टेशियन, जागा किमीत, वेग किमी प्रति सेकंदात. तारीख तोच क्षण, यूटीसीग्रेगोरियन, मिलिसेकंदांसकट.

एकच पथ्य. वेगाचे दशांश कापायचे नाहीत. तीन दशांशांवर गोल केलंस तर अर्धा मीटर प्रति सेकंद इकडेतिकडे होतो. प्रवासाच्या दिशेने एवढा फरक म्हणजे एसएमए ०.९ किमीने हलला. ताईंचं व्याज लाव : दिवसाला सव्वाशे-एकशेतीस किमी. निदान सहा दशांश ठेव.

हेही लक्षात ठेव की टीएलईची स्वतःची अचूकता त्या क्षणीसुद्धा किलोमीटरच्या घरातली असते. सेकंदाच्या आत जुळवत बसू नकोस.

---

कक्षाभ्रष्ट | गुरुवार, रात्री १२:१०

जुळलं!!! सहा आकडे, नऊ दशांश, कार्टेशियन. चोवीस तासांनी पुण्यावरची वेळ अॅपच्या दोन-तीन सेकंदांच्या आत.

एक गंमत झाली. कार्टेशियन भरून झाल्यावर ड्रॉपडाउन केप्लेरियन करून बघितला. एओपी टीएलईतल्यापेक्षा पार वेगळी, उत्केंद्रताही वेगळी! क्षणभर हातपाय गळाले. पण माग बरोबर आहे.

---

उपग्रहपाहुणी | गुरुवार, पहाटे १:३०

घाबरू नकोस. कक्षा जवळजवळ गोल असली की उपभू बिंदू कुठे हे सांगणं म्हणजे ताटाचा कोपरा दाखवण्यासारखं आहे. तीच झुलणी उत्केंद्रतेलाही हजाराव्या हिश्शाने हलवते, आणि तुझी मूळ उत्केंद्रताच तेवढी. मग एओपी कुठेही पळते आणि टीए तितकीच उलट पळते. दोन्हींची बेरीज बघ, ती जागेवर असेल. गोल कक्षेत बेरजेवरच विश्वास ठेवायचा.

---

कक्षाभ्रष्ट | गुरुवार, सकाळी ७:४०

बेरीज बघितली. टीएलईच्या बेरजेपासून अंशाच्याही आत. धागा वाचनखुणेत टाकलाय.

---

चहाबिस्कीट | शुक्रवार, रात्री १०:१५

तुमचं बघून मीही जीमॅट उतरवलं. अजून आकड्यांना हातही लावला नाही, नुसता स्पेसक्राफ्ट उघडला आणि तारखेचा फॉरमॅट तेवढा यूटीसीग्रेगोरियन केला. आत आधीच एक्स ७१००, वाय ०, झेड १३०० असं काहीतरी भरलंय. ते राहू दे. पण तारीख बघा : १ जानेवारी २०००, ११:५९:२८. बारा वाजायला ३२ सेकंद कमी! हे कुणाचं घड्याळ मागे आहे?

---

कक्षाभ्रष्ट | शुक्रवार, रात्री १०:३०

दादा, याचं उत्तर मी देणार! मूळचा आकडा २१५४५ आहे, टीएआयमॉडज्युलियनमध्ये. २४३०००० मिळवले की २४५१५४५, म्हणजे १ जानेवारी २००० ची दुपार, बरोबर बारा. पण टीएआयच्या घड्याळाने. तेव्हा टीएआय यूटीसीच्या ३२ सेकंद पुढे होता, म्हणून यूटीसीत ११:५९:२८ दिसतं. फॉरमॅटचा ड्रॉपडाउन टीएआयग्रेगोरियन करून बघा, १२:००:०० होईल.

फक्त आकडा टाइप करायच्या आधी तो परत यूटीसीवर आणा.